चौथी मूठ

माय गहू मोजत होती. तीन मुठी सुपात पडल्या, चौथी भरली आणि हात सुपावर तसाच थांबला. बोटांच्या फटीतून दोनचार दाणे गळले, तेवढाच काय तो आवाज. मी दारात चपला घालत होते. कामाची वेळ टळून चालली होती, तरी एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी उभीच राहिले. श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. खानदेशातून सुरतेला येताना आमच्या लोकांनी शेतं मागे टाकली, विहिरी टाकल्या, पोरांनी तर बोलीही अर्धीमुर्धी टाकली, पण ही मोजणी कोणी टाकली नाही. पहिली मूठ काशिनाथकाकांची, दुसरी आणि तिसरी त्यांच्या महेश-दीपकची, चौथी माझ्या भावाची, वाल्मिकची. बायकांच्या नावाने मूठ नसते. वाल्मिक पाच वर्षांपूर्वी या घरातून चालत निघाला तो कुठेच पोचला नाही, आणि पाचही श्रावणांत मायचा हात चौथ्या मुठीला कधी अडखळला नव्हता. आज अडला. तिने मान वर केली नाही. "आते तूच सांग," ती म्हणाली, "हाई मूठ काढू का नको? दिनभर मरेल जनावरं मोजस ना तू, तुले समजत व्हई." आत वाल्मिकची बायको, छायावहिनी, तव्यावर भाकरी उलटत होती. ती उलटायची थांबली, आणि भाकरी करपल्याचा वास बाहेर आला.

काकांनी आठवड्यापूर्वी येऊन सांगितलं होतं. काका आवाज चढवणारे नाहीत, म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागतं. कोर्ट म्हणतं सात वर्षं थांबा. पण आमचे भाऊबंद कोर्टाला विचारून काही करत नाहीत. ज्याची मूठ रोटात पडते तो घरचा आणि त्याची बायको त्याची बायको. ज्या श्रावणात मूठ पडणार नाही, त्या श्रावणात ती मोकळी. वहिनीला कोसाडच्या गणपतने मागणी घातली होती. तो विधुर आहे, इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर वेल्डिंग करतो, आणि आमच्याकडे दोनदा आला तेव्हा चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवून गेला. तो कप वहिनीने किती वेळ धुतला ते मी पाहिलं होतं. तो थांबायला तयार होता, त्याची आई श्रावण सरेपर्यंतच. काकांनी शेवटी मायला म्हटलं, वहिनी, तुमचा शब्द. माय मोठी सून, मूठ तिने काढायची. आणि वाल्मिकची मूठ गेली की आमच्या घरातून एकही मूठ उरत नाही. मग पुढच्या वर्षी गहू काकूच्या ओसरीवर मोजले जाणार आणि माय पाहुणी म्हणून रोट खायला जाणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी दुसरी चपल घातली. संध्याकाळी सांगते, असं काहीतरी पुटपुटले आणि गोडादऱ्याच्या त्या गल्लीतून, जिथे सकाळी सातला यंत्रमाग सुरू झाले की भिंतींना हात लावला तरी थरथर लागते, जवळजवळ पळतच निघाले.

मी मेलेली जनावरं मोजते, हे मायचं म्हणणं खोटं नाही. कॉलेजच्या भूशास्त्र विभागात मला नऊ वर्षं झाली, सहायक म्हणून लागले आणि सहायकच राहिले. समुद्राच्या तळातून काढलेला घट्ट चिखलाचा एक लांब दांडा आमच्याकडे आहे, हात-हातभर तुकडे करून पेट्यांत ठेवलेला. त्याच्या मधोमध बोटभर जाडीची काळपट रेघ आहे. रेघेच्या खाली सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा महासंहार व्हायच्या आधीचा समुद्र, रेघेच्या वर नंतरचा. दोन्हीकडचा चिखल मी धुते, चाळते, आणि उरलेल्या भुकटीतून ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलते. फोरॅम म्हणतात त्यांना. वाळूच्या कणाएवढे जीव, पण प्रत्येकाचं कवच वेगळं, कोणाचं शेंगेसारखं, कोणाचं जिलबीसारखं. एका नमुन्यातून तीनशे उचलायचे, गटवारी लावायची, कोणत्या गटाचे किती खाली होते आणि किती वर राहिले ते लिहायचं. तळाशी राहणारे बहुतेक वाचले. वर उजेडात तरंगणाऱ्यांच्या शंभर जातींतल्या नव्वद गेल्या. सुरतेत उलटं असतं, तापीला पूर आला की तळमजला आधी जातो. पण सरांना असले विनोद आवडत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं की ज्यांना कवच नव्हतं त्यांचं काय झालं. सर म्हणाले, त्यांची नोंद राहत नाही, त्यांच्याबद्दल आपण काही बोलायचं नसतं. मला मायच्या मुठी आठवल्या आणि हसू आलं. सरांना वाटलं, मला समजलं.

त्याच काळात आमच्या खानदेशात जमीन फाटून लाव्हा वाहत होता. तो थिजून काळा दगड झाला, आणि त्या दगडाचं एक जातं माय गावाहून ट्रकच्या टपावर टाकून इथे घेऊन आली. चक्कीवाला पीठ दळून देतो तरी रोटाचा पहिला घास ती जात्यावरच काढते. मी हे तिला एकदा सांगितलं, की तुझ्या जात्याचा दगड त्या मरणाच्या वेळचा आहे. ती म्हणाली, असू दे, दळतो ना. मायचं असं असतं. तिला पुढचं दिसतं, मागचं ती माझ्यावर सोपवते. आणि मी मागचं घेऊन बसते, एवढं घेऊन बसते की सिटी बसमध्ये माझा थांबा निघून जातो. त्या दिवशीही गेला. पुढच्या थांब्यावर उतरून उलटी चालत आले, आणि चालताना नेहमीसारखी पावलं मोजू लागले. ही खोड मला वाल्मिक गेल्यापासून लागली आहे. डांबर तापलेलं असलं की जास्त.

टाळेबंदीतला मे महिना होता. माग बंद होऊन सहा आठवडे झालेले. वाल्मिक मागावरचा मास्तर, पंधरा वर्षं त्या खटखटाटात काढलेला. ती शांतता त्याला सोसत नव्हती; तो घरातल्या घरात ओरडून बोलायचा. गावाहून फोन आला की आबांनी अंथरूण धरलं आहे, चारसहा दिवसांचे सोबती आहेत. आबा म्हणजे आमचे वडील, उखा पाटील. माग सोडून त्याच्या दोन वर्षं आधी ते गावी परतले होते. गाड्या नव्हत्या, बस नव्हती. माय म्हणाली, अग्नी द्यायला पोरगाच लागतो. वहिनी म्हणाली, नका जाऊ, ऊन बघा. आणि मी काय केलं, तर मोबाइलवर नकाशा उघडला. दोंडाईच्याच्या पलीकडचं आमचं गाव, रस्त्याने दोनशे किलोमीटर. दिवसाला चाळीस, पाच दिवस, पहाटे आणि संध्याकाळी चालायचं, दुपारी झाडाखाली. मी कागदावर मुक्काम लिहून दिले: बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार. तो कागद त्याने चौघडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, पाहा, शिकलेली बहीण असली की असं. त्याच्या चपलेचा अंगठा तुटका होता. मी अंतर मोजलं, चपल पाहिली नाही. ऊन किती अंश आहे ते मला माहीत होतं, पण उन्हात माणूस चाळीस किलोमीटर चालतो म्हणजे काय करतो ते माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या काखेत नकाशा होता.

त्याचे पाच फोन आले, पाचही मला, कारण मायचा फोन बिघडलेला होता. पहिल्यात तो हसत होता. दुसऱ्यात म्हणाला, बरोबर खूप माणसं आहेत, जत्रेसारखं वाटतं. तिसऱ्यात पायाला फोड. चौथ्यात कोणीतरी केळी वाटली. पाचवा फोन आला तेव्हा तो सोनगढच्या अलीकडे एका पुलाखाली बसला होता आणि त्याच सकाळी गावाहून आम्हाला आबा गेल्याचं कळलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, मढं ठेवता येणार नाही, चुलतभाऊ अग्नी देणार. माय भिंतीला टेकून बसली होती. ती मला म्हणाली, सांगून टाक, उगा जीव तोडीसन चालू नको म्हण. मी गच्चीवर गेले आणि सांगितलं. मागाजवळची माणसं फोनवर नेहमी ओरडतात, पण तो हळूच बोलला, इतका हळू की मी दुसऱ्या कानात बोट घातलं. "मंग मी आते कोठे जाऊ?" असं त्याने विचारलं. आणि मी, शिकलेली बहीण, मोजणारी, त्याला म्हणाले की मागे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर आहेत आणि पुढे एकशे बारा.

एवढंच. घरी ये, हे दोन शब्द होते. ते तोंडात आले नाहीत असंही नाही. मला वाटलं त्याने आकडा विचारला आहे. मला खरंच तसं वाटलं. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मायला वाटतं तिने धाडला, म्हणून तो गेला. वहिनीला वाटतं तिने पाय धरले असते तर थांबला असता. दोघी आपापला वाटा घेऊन बसल्या आहेत आणि माझा मी झाकून ठेवला आहे. आम्ही तिघी एका खोलीत जेवतो, एका खोलीत झोपतो, साड्यांना खडे चिकटवायचं काम आलं की एका साडीच्या तीन बाजूंना बसतो, आणि त्याचं नाव निघालं की तिघींची मान एकदमच खाली जाते.

पोलिसांत दिलं, सोनगढ-नवापूरचे दवाखाने पालथे घातले, गणेशोत्सवापर्यंत मी प्रत्येक बेवारस प्रेताचा फोटो पाहिला. मग एक दिवस विभागात बसून मी एक उद्योग केला. आमच्या कामात एक अडचण नेहमीची असते. एखाद्या जातीचं चिखलात सापडलेलं शेवटचं कवच हे त्या जातीतलं शेवटचं कवच नसतं. जे विरळ ते आपल्याला आधीच सापडायचं थांबतं, जीव मात्र पुढे काही काळ असतो. तो पुढे किती असेल याचं गणित आहे. किती वेळा सापडला आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अंतर किती, एवढं घातलं की उत्तर येतं. मी वाल्मिकचं घातलं. पाच फोन, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत बावन्न तास. उत्तर आलं अठ्ठावन्न तास. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव वेळा, सोनगढच्या पुलाखालून अठ्ठावन्न तासांच्या आत माझा भाऊ संपलेला असणार. कागद मी फाडला. आकडा फाडता येत नाही. त्या दिवसापासून माझ्यापुरता वाल्मिक नव्हता, आणि मायच्या मुठीकडे मी देवभोळ्या बाईकडे बघावं तशी बघत असे.

पण पुढच्या वर्षी आबांच्या तिथीला, दुपारी जेवणं झाल्यावर, एक फोन आला. अनोळखी नंबर. मी हॅलो म्हटलं आणि पलीकडे माग ऐकू आले. त्या खटखटाटात चूक होणं शक्य नाही, मी त्यातच वाढले आहे. पण माग काय, भिवंडीला आहेत, मालेगावला आहेत, बुऱ्हाणपूरला आहेत. कोणी बोललं नाही. श्वास होता. मी "भाऊ?" म्हटलं आणि फोन तुटला. परत लावला तर एका माणसाने हिंदीत सांगितलं की इथे शंभर कारागीर आहेत, कोणीही माझा फोन मागतो, मी काय लक्षात ठेवू. मी नंबर ठेवला, मग खोडून टाकला. मायला सांगितलं असतं तर ती पदरात भाकरी बांधून गावोगावचे कारखाने हिंडली असती. वहिनी नुकती कुठे पुन्हा नीट जेवायला लागली होती. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण हे की तो जिवंत असेल तर तो माझ्या आकड्यावर रागावून कुठेतरी बसला आहे, आणि मेलेला भाऊ त्यापेक्षा सोपा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. कामात आम्ही अशा एकट्या कवचाला हिशेबात धरत नाही. रेघेच्या वर एखादं जुनं कवच सापडतं कधीकधी. ते वाचलेलं नसतं. खालचा थर कुठेतरी झिजतो, मेलेलं कवच पाण्याबरोबर वाहत येतं आणि जिवंतांच्या चिखलात जाऊन बसतं. वाहून आलेलं, असा शेरा मारायचा आणि बाजूला काढायचं. तो फोन मी तसाच बाजूला काढला होता.

आणि नेमकं त्या दिवशी, मायला उत्तर न देता निघून आलेल्या दिवशी, रेघेच्या चार बोटं वरच्या नमुन्यात मला एक सापडलं. दुहेरी काठाचं, चपटं, जिलबीच्या वळणाचं. ही जात वर असूच नये. सूक्ष्मदर्शकाखाली मी ते कुंचल्याने उलटंसुलटं केलं. वाहून आलेलं असेल तर काठ झिजलेले असतात, पोटात भरलेला गाळ वेगळ्या रंगाचा असतो. याचे काठ थोडे झिजलेले होते. थोडेच. गाळ धड खालच्या रंगाचा नाही, धड वरच्या नाही. सरांना दाखवलं. त्यांनी डोळा लावला, अर्ध्या मिनिटात उठले आणि म्हणाले, एक आहे ना, मग काढून टाका, एकाचा पुरावा होत नसतो. सर चुकीचं बोलत नव्हते. ते गेल्यावर मी कवच कुंचल्यावर घेतलं, पाण्याच्या बशीत बुडवायला नेलं, आणि माझाही हात मायसारखाच बशीवर थांबला.

चंचलबेन शेजारी नमुने चाळत होत्या. त्या विभागात माझ्याही आधीपासून आहेत, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी आपला खण उघडला आणि एक जुनी पट्टी माझ्यासमोर ठेवली. काळ्या कागदावर ओळीने चिकटवलेली कवचं होती, अकरा, दुहेरी काठाची सगळी. इतक्या वर्षांत वेगवेगळ्या मुलामुलींनी काढून टाकायला दिलेली. "फेंकवानो जीव ना चाले," त्या म्हणाल्या, फेकायला जीव धजत नाही, आणि पुन्हा चाळणीकडे वळल्या. मी माझं बारावं त्या ओळीच्या शेवटी चिकटवलं. बारा जणांनी बारा वेळा एकेकट्याने ठरवलं होतं की हे काही नाही. त्यांचे काठ बघत मी बराच वेळ बसले. सर म्हणाले असते, बारा वाहून आलेली. असतीलही. मला दुपारचा डबा उघडवला नाही.

घरी यायला सहा वाजले. बसमध्ये माझं ठरलं होतं. वाल्मिक असेल किंवा नसेल, वहिनी तेहतीस वर्षांची आहे हे नक्की होतं, आणि गणपतने कप उचलून मोरीत ठेवला होता. माय ओट्यावर बसली होती. सूप तसंच, टोपली तशीच. तिने दिवसभर गव्हाला हात लावला नव्हता. वहिनी आत साडी पसरून खडे लावत होती. तिच्या बोटांना गोंद होता आणि ती दाराकडे पाठ करून बसली होती, मुद्दाम. मी मायसमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, नको काढू. मग मला वाटलं एवढ्याने भागणार नाही, म्हणून मी गणित सांगितलं. पाच फोन, बावन्न तास, अठ्ठावन्न तास. मायला तास कळतात, गणित कळत नाही, पण ती प्रत्येक आकड्याला मान हलवत होती. मी आवाज चांगला शास्त्रीय करायचा प्रयत्न करत होते. "भाऊ आते नही, माय," मी शेवटी म्हटलं.

माय गव्हाकडे बघत होती. "त्या दिन तुले फोन उना व्हता ना?" तिने विचारलं. "बापनी तिथीले. मी पहायेल शे तुनं तोंड."

माझ्या पाठीमागे खडे चिकटवण्याचा टकटक आवाज चालू होता. माय हळू बोलत होती, आतपर्यंत जाऊ नये इतकं हळू. तिलाही आला होता फोन, तीन वर्षांपूर्वी, नेमका रोटांच्या दिवशी, आम्ही दोघी काकांकडे आरतीला गेलो असताना. मागांचा आवाज तिनेही ऐकला होता. पण तिच्याशी तो बोलला होता. "'माय' म्हने," ती म्हणाली. "बस, इतलंच. मी त्याले सांगं, घर ये भाऊ, कोनी काही बोलाव नही तुले. तो रडना. मंग ठेवी दिधा." तीन वर्षं तिने दाराची कडी दिवसा कधी लावली नव्हती. मला वाटायचं म्हातारपण. घरी ये हे शब्द मी पाच वर्षं मनात कुजवले होते, ते न म्हटल्याने भाऊ गेला अशी माझी समजूत होती. ते शब्द कोणीतरी म्हटले होते, ज्या तोंडून यायला हवेत त्याच तोंडून, आणि तरी तो आला नव्हता. मला वाटलं यानं हलकं वाटेल. नाही वाटलं. मी ओट्याची कड धरली. मी मायला त्या पुलाखालचं सांगितलं, अठ्ठ्याऐंशी आणि एकशे बारा, सगळं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, गव्हाच्या भुशाने खरखरीत, आणि मी तोंडात ओढणी कोंबून रडले.

मग मी विचारलं, तो आहे हे माहीत होतं तर आज हात का थांबला. ते विचारताना मला वाटत होतं की उत्तर मला माहीत आहे. ते तसं नव्हतं. "मरेल राहता ते मी जनमभर त्यानी मूठ काढती," माय म्हणाली. "पन जित्ता शे, तीन साल वाट पाही, आनि येस नही. त्यानी मूठ कशी काढू?" ती चिडून बोलली नाही. भाजीत मीठ पडलं नाही म्हणून सांगावं तशी बोलली. सकाळी तिने मला विचारलं ते तिला उत्तर हवं होतं म्हणून नव्हे. काकांना सांगायला शिकल्यासवरल्या माणसाचा शब्द हवा होता. ती काकांना सांगणार होती, आमच्या उज्ज्वलाने मोजून सांगितलं, पोरगा नाही. ते खोटं ती आपल्या अंगावर घेणार होती आणि निम्मं माझ्या. मी हो म्हटलं.

सुपात तीन मुठी होत्या. मायने त्यांची पाव-पाव मूठ पुरी केली, सूप बाजूला सरकवलं, आणि टोपलीत हात घालून चौथी मूठ भरली. मला कळेना. तिने वहिनीला हाक मारली. "छाया, आठे ये. पदर पसर." वहिनी आली, गोंदाची बोटं अंगापासून लांब धरून. तिने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि उभ्या उभ्याच ती पांढरी पडली, कारण वाट बघणाऱ्या बाईला शेवट काय तो आधी तोंडांवर दिसतो. माय म्हणाली की मूठ यंदा रोटात जाणार नाही. काकांना उद्या निरोप जाईल. वहिनी खाली बसली. मग मायने मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली. "मना हात चालाव नही," ती म्हणाली. विधवेने ओटी भरायची नसते. "तू भर."

ओटी सवाष्णीची भरतात. हे वहिनीला कोणी सांगायला नको होतं. तिने पदर पसरला होता तो सवयीने, वडीलधाऱ्या बाईने सांगितलं म्हणून. आता तिने त्या गव्हाकडे पाहिलं, मायच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवरा मेलेल्या बाईच्या पदरात कोणी गहू घालत नाही. ती काय समजली आणि किती समजली ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी नजर काढून घेतली नाही, एवढं तरी मला तिचं देणं होतं. तिचे ओठ हलले. कुठे आहेत, असं ती विचारणार असं मला वाटलं, आणि मी काय सांगणार होते. तिने नाही विचारलं. तिने पदर थोडा आणखी पुढे केला. मी ओंजळ रिकामी केली. मायने टोपलीतून चार बोटांत मावतील तेवढे दाणे घेऊन माझ्या हातावर ठेवले, वरचा पाव, आणि तेही मी घातले. कोणा बाईच्या नावाने सव्वा मूठ आमच्या घरात मी पहिल्यांदा पाहिली.

वहिनी पदराची टोकं धरून बसून राहिली. गोंदामुळे काही दाणे तिच्या बोटांना चिकटले होते. बाहेर माग चालू होते. मग तिने मला विचारलं, घरात असा प्रश्न नेहमी मलाच विचारतात.

"कोसाड कितलं दूर शे आठून?"

बारा किलोमीटर. आकडा जिभेवर आला होता, बस कुठे बदलायची तेही. मी तो गिळला.

"घर येत जाय, वहिनी," मी म्हटलं. "घर येत जाय."